कमळाची ऊब व पाणमांजराची ऊब

कमलपत्रावर न टिकणाऱ्या जलबिंदूचा दृष्टान्त आम्हीं वर्गांत किती वेळां समजावून दिला असेल, ह्यास गणती नाहीं. परंतु कमळाचें फूल स्वतःची ऊब स्वतः निर्माण करतें, ही गोष्ट मात्र आम्हांस उतारवयांत कळली. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेडच्या वनस्पति-उद्यानांत सेमूर व शुल्टझे-मोटेल ह्या शास्त्रज्ञांनीं फुलांचें उष्णमान मोजून १९९६ सालीं तें प्रसिद्ध केलें. बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आंत ३० ते ३६ अंश ऊब कांहीं दिवस टिकून असते. थंडी वाढली कीं फूल अधिक ऊब निर्माण करतें, ऊन वाढलें कीं कमी. असें नियमन हें प्राण्यांचेंच लक्षण, असें आम्ही मुलांस शिकवीत आलों!

ह्या फुलाशेजारीं ठेवून पाहण्याजोगा प्राणी उत्तर प्रशांत महासागरांत, अलास्का व कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांस राहतो. तें सागरी पाणमांजर, आपल्या नद्यांतील पाणमांजराचा आप्त. देवमाशाच्या कातडीखालीं असतो तसा चरबीचा जाड थर ह्या बिचाऱ्यास नाहीं. त्यामुळें थंडगार पाण्यांत देह ऊबदार राखण्यासाठीं तें रोज आपल्या वजनाच्या सुमारें चवथाई इतकें अन्न खातें. त्याचे स्नायू विश्रांतींतही अन्न जाळून, कांहीं काम न करतां, त्याची निव्वळ उष्णता करतात, असें २०२१ सालीं दिसून आलें. कमळाच्या कर्णिकेंतही साठविलेलें अन्न असेंच, काम न करतां, जळतें. फरक इतकाच कीं फुलाचा हा खर्च परागवहन करणाऱ्या कीटकांच्या पाहुणचारापुरता, चार दिवसांचा, पाणमांजराचा जन्मभराचा. कवींनीं भुंग्यास मिटल्या कमळांत रात्रभर कोंडलें, तेव्हां त्यास तेथें ऊबही मिळत असेल हें त्यांच्या मनांत आलें नसावें.

दुसरें साम्य हवेच्या थराचें. कमळाच्या पानावर मेणचट सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांमध्यें हवा अडकून राहते, म्हणून थेंब घरंगळतो. पाणमांजराच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरांत लाखाहून अधिक केस असूं शकतात. त्यांतील हवेमुळें कातडी कोरडी राहते. १९८९ च्या मार्चांत एक्झॉन वाल्डीझ हें तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर आपटलें. तेल केसांस चिकटून ती हवा गेली, आणि शेकडों पाणमांजरें प्राणांस मुकलीं. त्यांतलीं कित्येक थंडीनें गारठून.

कमलपत्राचीही तेलापुढें अशीच गत होते. घरीं पूजेसाठीं पान आणलें तर पाण्याच्या थेंबानंतर गोड्या तेलाचा एक थेंब टाकून पाहावा. तो घरंगळत नाहीं, पसरतो.