भांडवलाची पारख : लेखांक ७ – अमळनेरचा भागधारक आणि चिपचा धंदा

मागील लेखांकात ताळेबंद कसा वाचावा हे पाहिले. त्या वाचनाचा कस ज्या धंद्यात विशेषच लागतो, त्या दळणवळणाच्या चिपच्या धंद्याकडे आता वळू. खानदेशात समभागांची गोष्ट निघाली की विप्रोचा दाखला आल्यावाचून राहत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स (हीच पुढची विप्रो) ही जी कंपनी स्थापिली, तिचे समभाग ज्या कुटुंबांनी वनस्पती तुपाच्या काळापासून न विकता जपले, त्यांच्या पुढील पिढ्या बक्षीस समभागांच्या योगाने संपन्न झाल्या. यावरून 'घ्यावे आणि विसरून जावे' असा जो समज जळगाव-धुळ्याकडे दृढ झाला आहे, तो चिपच्या कंपनीस जसाच्या तसा लावू नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

अमळनेरच्या भागधारकास मिळालेले फळ केवळ त्याच्या धीराचे नव्हते. कंपनीने पुढे संगणकाच्या अनोळखी क्षेत्रात पाऊल टाकले, तेव्हा घरोघरी नित्य खपणाऱ्या तूप-साबणाचा आधार तिच्या पाठीशी होता. चिप आखणाऱ्या कंपनीस असा आधार क्वचितच असतो. आराखड्यावर अभियंते वर्षानुवर्षे खपतात, नमुना परक्या कारखान्यात घडवून घ्यावा लागतो, आणि पहिला रुपया हाती येण्यापूर्वीच कोट्यवधी खर्ची पडतात; त्यातच ४जी जाऊन ५जी आले की कालच्या आराखड्याचे मोल ओसरू लागते.

आपल्या बाजारात या धंद्याच्या जवळची म्हणता येईल अशी कंपनी बंगळुरूची तेजस नेटवर्क्स. २०१७ साली तिचा समभाग २५७ रुपयांस जनतेस देऊ करण्यात आला. २०२१ मध्ये टाटा समूहाने तिचा ताबा घेण्यास आरंभ केला. आणि २०२२ मध्ये तिने सांख्य लॅब्ज या चिप आखणाऱ्या संस्थेचा ६४.४ टक्के हिस्सा सुमारे २८४ कोटींस घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये बीएसएनएलच्या जाळ्याच्या उपकरणांसाठी टीसीएसकडून ७,४९२ कोटींचे काम मिळाले, आणि २०२३-२४ मधील २,४७१ कोटींची उलाढाल पुढील वर्षी ८,९२३ कोटींवर गेली. ज्याने तेवढाच आकडा पाहून समभाग घेतला, त्यास एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत उलाढाल अवघी २०२ कोटी आणि तोटा १९४ कोटी, हेही पाहावे लागले.

यात कंपनीची लबाडी नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या धंद्याचा हा स्वभावच आहे. कापसाला एकच व्यापारी असला तर भाव कोणाच्या हाती राहतो, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या क्वालकॉमसारख्या मातब्बर कंपनीसही ही चिंता चुकलेली नाही: तिचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःची मोडेम चिप आयफोनमध्ये बसविली. तथापि क्वालकॉमच्या २०२४ च्या सुमारे ३,९०० कोटी डॉलर उत्पन्नापैकी ५५७ कोटी पेटंटांच्या परवान्यांतून आले, आणि त्या परवान्यांस ना कारखाना लागतो ना मालसाठा. अमळनेरच्या तुपाने जे कार्य केले, तेच तेथे पेटंट करीत आहेत.

म्हणून अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की नफ्याच्या ओळीकडे धाव न घेता प्रथम येणे रकमा आणि पडून राहिलेला माल पाहावा, मग एकूण विक्रीत सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती ते शोधावे, आणि अखेरीस संशोधनाचा खर्च कर्जातून भागतो की कमाईतून, हे ताडून पाहावे. माझ्या मते तेजसची विद्या खरी आहे, आणि या देशात अशी विद्या रुजावी ही माझी मनःपूर्वक इच्छाही आहे. परंतु ज्याचे घरचे उत्पन्नच पावसावर अवलंबून आहे त्याने या धंद्यात बचतीचा अल्प अंशच घालावा, आणि बीएसएनएलखेरीज आणखी दोन-तीन मोठी गिऱ्हाइके तेजसच्या हिशेबात सलग काही तिमाह्या दिसेपर्यंत तो वाढवू नये.