सांगलीचा मोर, कोपनहेगनचा मोर

रात्री 11 च्या सुमारास कुपवाडच्या एमआयडीसीत दुसरी पाळी सुटते. डब्याच्या पिशव्या अडकवून, गाड्यांना किक मारत माणसं सांगली-मिरजेच्या वाटेला लागतात. त्याच घटकेला, उन्हाळ्याचे दिवस असतील तर, डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. आभाळात अजून उजेड असतो, आणि तिथल्या तिवोली बागेत रात्रीची नुकती कुठे सुरुवात होत असते. पाळणे, वाद्यवृंद, खाण्यापिण्याची दुकानं आणि अंधार पडू लागला की रंगीत दिव्यांच्या माळा.

ही बाग उघडली 15 ऑगस्ट 1843 रोजी. त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच 5 नोव्हेंबरला सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं. कुपवाड तेव्हा शेजारचं गाव होतं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली ती 1998 मध्ये.

दोन्हीकडे मुळाशी होती राजाची मर्जी. लोक करमणुकीत रमले की राजकारणाच्या फंदात पडत नाहीत, असं तिवोलीचे संस्थापक गेऑर्ग कार्स्टेन्सन यांनी राजा आठव्या क्रिस्टियानला पटवलं आणि शहराच्या तटाबाहेर बाग मांडायची परवानगी मिळवली, असं सांगतात. सांगलीत मात्र राजालाच हौस होती. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं, की असं काहीतरी आपल्या मराठीत करा.

भाव्यांचा खेळ आजच्या नाटकासारखा नव्हता. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. नटांच्या देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशा वाटण्या असत. राक्षस आरोळ्या ठोकत शिरायचे, म्हणून या खेळांना पुढे ‘अललडुर्र’ नाटकं असं नाव पडलं. त्याआधी विदूषकाची थट्टा, गणपतीचं आगमन, आणि मग कमरेला मोर बांधून नाचत येणारी सरस्वती.

योगायोग असा, की तिवोलीतही मोर आहे. तिथल्या मूकनाट्याच्या रंगमंचाचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा; तो मिटला की खेळ दिसू लागतो. हा रंगमंच 1874 चा. त्यावर आजही पांढऱ्या वेषातला पिएरो लोकांना हसवतो. त्याचं आणि आपल्या विदूषकाचं गोत्र एकच म्हणायला हरकत नाही.

पुढे मात्र वाटा फुटल्या. तिवोली जिथे होती तिथेच राहिली. सांगलीत 1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार तुटला. मग भाव्यांनी नटसंच घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजवाड्यातली करमणूक अशी पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती आली, आणि नाटक हा धंदा होऊ शकतो हे मराठी माणसाला उमगलं. पुढच्या नाटक कंपन्या याच वाटेने गेल्या. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, खुद्द सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या लेखणीवर त्या पोसल्या. 1905 मध्ये मिरजेत ‘शाकुंतल’च्या खेळात बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर आले.

आजही 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीत त्या दिवशी नटेश्वराची पूजा होते आणि एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं.

मिरजेची रात्र वेगळी. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांची कबर याच आवारात आहे. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाशी गवई बसतात, तंबोरे जुळतात. तंबोरे बाहेरून आणावे लागत नाहीत; मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. इथे तिकीट नाही. सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं. मैफल पहाटेपर्यंत रंगली, तर भैरवी संपवून उठणाऱ्या रसिकांना परतीच्या रस्त्यावर कुपवाडच्या पहिल्या पाळीला निघालेली माणसं भेटतात.