झेनिटची हेलिओस सिनेमाच्या सेटवर

२०२४ साली ‘ड्यून’चा दुसरा भाग पडद्यावर आला. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी तो डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित केला. मात्र त्यांच्या लेन्समध्ये सोव्हिएत काळात साध्या फोटो कॅमेऱ्यांसाठी घडवलेल्या लेन्सही होत्या. या सोव्हिएत लेन्सची जुनी भिंगं नव्या धातूच्या नळीत बसवून दिली ती युक्रेनमधल्या आयर्नग्लास या कंपनीने. या घराण्यातली सर्वांत ओळखीची लेन्स म्हणजे हेलिओस ४४-२.

५८ मिलिमीटर, एफ/२, सहा भिंगं. रचना मूळची जर्मन, येना इथल्या कार्ल झाइसच्या बायोटारची. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं तंत्र सोव्हिएत संघाच्या हाती गेलं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात ही लेन्स बनू लागली. पुढे झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती लाखोंच्या संख्येने घरोघरी गेली. म्हणूनच आजही ती स्वस्तात मिळते.

तिची कीर्ती आहे ती घुमणाऱ्या पार्श्वभूमीसाठी. माणूस जवळ, मागे दूरवर झाडं, पानांमधून उन्हाचे कवडसे, आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं: एवढं जुळलं की मागची पानं चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. कडेकडून तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठांवर अडतो. त्यामुळे मधोमध गोल दिसणारे धूसर ठिपके कडेला बदामासारखे निमुळते होतात आणि केंद्राभोवती फेर धरतात. जुन्या रचनेतले कडेचे दोष हा परिणाम आणखी गडद करतात. अ‍ॅपर्चर एफ/४ पर्यंत मिटलं की जादू ओसरते. छोट्या सेन्सरवर तर चित्राची कडच कापली जाते, मग घुमणार काय? ही लेन्स फुल फ्रेम सेन्सरवरच खुलते.

दुसरा गुण कमी मिरवला जातो, पण माझ्या मते तोच मोलाचा आहे. जुन्या एकपदरी कोटिंगमुळे उजेड आतल्या आत थोडा पसरतो, सावल्या किंचित उजळतात आणि डिजिटल चित्राचा करकरीतपणा कमी होऊन त्वचा मऊ दिसते.

जोडणं सोपं आहे. हेलिओससारख्या एम४२ आट्यांच्या लेन्सला सेन्सरपासून सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते फक्त १८ मिलिमीटर असतं. उरलेली जागा भरायला साधा, बिनकाचेचा अडॅप्टर पुरतो. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही, म्हणून स्टॅबिलायझेशनसाठी मेन्यूत ५८ हा आकडा हाताने भरावा लागतो.

खरी कसोटी फोकस पुलरची, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्या सहायकाची. सिनेमाच्या लेन्सची फोकस रिंग बरीच जास्त फिरते आणि तिला दातेरी चाक असतं. फोटोच्या लेन्सवर बोटभर हालचालीत अभिनेत्याचे डोळे निसटतात. आयर्नग्लाससारख्यांचं काम इथे कळतं: भिंगं तीच, पण फोकसची फिरकी लांब आणि बाहेरचं माप सर्व लेन्सना सारखं. अ‍ॅपर्चरच्या बाबतीत मात्र हेलिओस मुळातच सोयीची आहे. तिला दोन रिंगा असतात. एक मर्यादा ठरवते, दुसरी टक-टक न करता सलग फिरते, त्यामुळे शॉट चालू असतानाही उजेड अलगद कमी-जास्त करता येतो.

फोटोची लेन्स सिनेमात नेण्याचा ध्यास डिजिटलच्या आधीचा आहे. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ले कुब्रिक यांनी मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिलिमीटर, एफ/०.७ लेन्सवर टिपले. ती नासासाठी बनलेली फोटोची लेन्स होती आणि मिचेल कॅमेऱ्यावर ती बसवण्यासाठी कॅमेऱ्यातच मोठे बदल करावे लागले. छायालेखक जॉन अल्कॉट यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे मुंबई-कोकणातला पावसाळा या भिंगांचा वैरी. दमट कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीची जाळी पसरते आणि कोटिंग खाऊन टाकते. म्हणून हेलिओस घेताना मागून टॉर्च मारून आत पाहा, फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, अ‍ॅपर्चरच्या आठही पात्यांवर तेल नाही ना ते तपासा, आणि घरी आणल्यावर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.