बोलायचे ते एकाच तोंडाने

अमेरिकेतला ‘फुटबॉल’ म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, डोक्यावर हेल्मेट चढवून, धडका देत खेळायचा तो खेळ. तेथे महाविद्यालयीन संघांच्या सामन्यांनाही लाखभर माणसे जमतात. अशाच एका संघातल्या, अलाबामा विद्यापीठातल्या, एका वादग्रस्त नियमाविषयी मला बोलायचे आहे.

निक सेबन २००७ मध्ये तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. करार आठ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा. हाताखाली नऊ सहायक प्रशिक्षक. २०१८ पासून नियमाने दहा झाले. या सहायकांना सक्त ताकीद होती, की वार्ताहरांशी बोलायचे नाही. आक्रमण आणि बचाव यांची सूत्रे सांभाळणाऱ्या दोघांना हंगामाआधी एकदा आणि अखेरच्या मोठ्या सामन्यांपूर्वी, आयोजकांची सक्ती म्हणून, तोंड उघडता येई. एरवी संघाचा आवाज एकच, सेबन यांचा.

ही शिस्त त्यांनी जवळून पाहिलेली होती. १९९१ ते १९९४ या काळात ते क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक यांचे सहायक होते आणि बेलिचिक यांचा कारभारही मिटल्या तोंडाचाच. त्यामागचा हिशोब समजण्याजोगा आहे. दहा माणसे बोलू लागली की दहा गोष्टी बाहेर जातात. कोण जायबंदी आहे, कोणाला बाहेर बसवणार, हे प्रतिस्पर्ध्याला आयते कळते. शिवाय विशी-एकविशीतल्या खेळाडूंच्या कानावर आपल्याच प्रशिक्षकांची परस्परविरोधी मते पडतात.

मग वाद कशाचा? एक तर हे सरकारी विद्यापीठ. तेथील माणसांनी आपल्या कामाविषयी लोकांशी बोलूच नये, हे वार्ताहरांना खटकणारच. दुसरा मुद्दा पोटापाण्याचा. या पेशात सहायक एका जागी फार काळ टिकत नाही. पुढची नोकरी मिळवायची तर नाव लोकांपुढे हवे आणि येथे तर राबायचे मुकाट्याने.

प्रत्यक्षात काय घडले? २०२४ च्या जानेवारीत निवृत्ती जाहीर करेपर्यंत सेबन यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांच्याकडे बचावाची सूत्रे सांभाळणाऱ्या कर्बी स्मार्ट यांना २०१५ च्या अखेरीस जॉर्जिया विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक नेमले. २०२१ च्या हंगामाचा अंतिम सामना त्यांनी जिंकला, तोही सेबन यांच्याच संघाला ३३-१८ असे हरवून. विशेष म्हणजे मौनाची ती रीत त्यांनी जॉर्जियातही चालू ठेवली.

यावरून नियम चांगलाच होता, असे मी म्हणणार नाही. संघ जिंकत होता, म्हणून सहायकांना बोलण्याची गरज पडली नाही. संघाचे यशच त्यांचे शिफारसपत्र ठरले. हरणाऱ्या संघात हाच नियम लावला, तर गुणी सहायक नोकरीही गमावील आणि त्याने काय केले होते, हेही कोणाला कळणार नाही.

मला वाटते, अशा नियमाची कसोटी पराभवाच्या दिवशी लागते. सर्वांच्या वतीने बोलण्याचा हक्क जो स्वतःकडे ठेवतो, त्याने सर्वांच्या चुकांचा जाबही स्वतःच द्यायला हवा. तो देत असेल तर हाताखालच्यांचे मौन ही शिस्त. नाही तर ती निव्वळ मुस्कटदाबी.