हिऱ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन

महाड-पोलादपूरहून कॅन्सरच्या उपचारांसाठी निघालेल्या पेशंटला टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र रायगड जिल्ह्यातच मिळतं. २०२३पासून तिथे प्रोटॉन उपचारही होतात. मात्र किरणांची मात्रा नेमकी किती पडणार, हे पेशंट टेबलावर येण्याआधीच मोजून ठेवावं लागतं. जगभर या मोजमापासाठी जी साधनं वापरतात, त्यांत एक आहे कृत्रिम हिरा.

तो खाणीतला नव्हे. मिथेन आणि हायड्रोजनच्या तप्त प्लाझ्मातून थरावर थर चढवत वाढवलेला. हिरा म्हणजे कार्बन, अणुक्रमांक ६; त्यामुळे किरणांना तो सिलिकॉनपेक्षा आपल्या मांसासारखा भासतो. किरण शिरला की इलेक्ट्रॉन सुटतो, मागे रिकामी जागा राहते. व्होल्टेज दिलं की दोन्ही विरुद्ध दिशांना धावतात आणि हलकासा प्रवाह मिळतो. अशा एका जोडीला सुमारे १३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्ची पडतात, सिलिकॉनमध्ये ३.६. म्हणजे आधीच सिग्नल तुटपुंजा. त्यात स्फटिकात दोष असला, तर कशेडी घाटात एसटी अडकावी तसा इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतो.

तो किती झटकन अडकतो, हे पाहायला फेम्टोसेकंद लेसर वापरता येतो. पहिला झोत इलेक्ट्रॉन मोकळे करतो, दुसरा मागाहून येऊन त्यांची हालहवाल टिपतो. मधलं अंतर घड्याळाने नव्हे, आरशाने ठरतं! आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन एक पिकोसेकंद उशीर होतो. मग आरसा आणखी थोडा मागे, पुन्हा एक नोंद.