घर पाडण्याआधी ते कागदावर उतरवा



घोडबंदर रोडने जाताना एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे उंच इमारतींची रांग दिसते. पण वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही मुळातली गावं. इमारतींच्या आड तिथे अजून एखादं कौलारू घर उभं असतं. मेट्रोचे खांब आले, जागेचे भाव वाढले, भावाभावांत वाटण्या झाल्या, की ते एका दिवसात जमीनदोस्त होतं. पाडू नका, असं मी सांगणार नाही. गळकं छप्पर ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांचा तो निर्णय. पाडण्याआधी घराची नोंद मात्र करता येते, आणि ती बचत गटातल्या तिघी-चौघी करू शकतात.

अमेरिकेत १९३३ साली, मोठ्या मंदीत, बेकार झालेल्या वास्तुरचनाकारांना सरकारने हेच काम दिलं. मोठ्या हवेल्यांबरोबर शेतकऱ्यांची साधी घरं आणि कोठारंही मोजली गेली. मोजून काढलेले नकाशे, फोटो आणि लिहिलेली माहिती, अशी तिहेरी नोंद. त्यातल्या कितीतरी वास्तू आज नाहीत. कागद मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात आहेत.

आपल्याला लागेल मोजपट्टी, चौकटीचा कागद, पेन्सिल आणि फोन. एक मीटरला दोन सेंटिमीटर असं प्रमाण धरा. सहा मीटरची ओटी कागदावर बारा सेंटिमीटर येईल. पट्टीचं टोक एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि तिथूनच दार, खिडकी, खांब यांची मापं वाचत जा. तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक वेळची थोडी चूक साठत जाते. जुनी खोली क्वचितच काटकोनात असते, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतरही घ्या. भिंतीची जाडी दारात मोजता येते. उत्तर दिशा लिहायला विसरू नका.

आता खरं काम. ते पट्टीने होत नाही, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून होतं. चूल कुठे होती, धूर कुठून जायचा? कणगी कोणत्या भिंतीशी? उखळ जमिनीत पुरलेलं होतं का? बाळंतीण कुठे निजायची, माळ्यावर काय ठेवायचे, परसात कोणती झाडं? आणि प्रत्येक जागेला, लाकडाला त्या घरात काय म्हणतात? आढं, वासा, तुळई, पडवी हे शब्द त्यांच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. माझ्या मते नकाशापेक्षा हा भाग मोलाचा. भिंत पुन्हा बांधता येईल, हे पुन्हा कोण सांगणार?

घरही काही सांगतं. खांबाला रिकामी खाच दिसली, तर ते लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं असू शकतं. मंगलोरी कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. ही कौलं मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली. पण कौलं बदलली जातात, तेव्हा त्यावरून घराचं वय ठरवू नका. येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीने लिंपलेला कूड दिसला तर लिंपण निघालेल्या जागेचा फोटो आधी घ्या. आतली बांधणी तिथेच दिसते.

एक स्पष्ट सांगते. हा कागद मालकीचा पुरावा नाही, त्यावर कोणाचा हक्क ठरत नाही. घरात वाटणीचा वाद असेल तर हे सर्वांसमोर बोला, नाहीतर पट्टी पाहूनच भांडण पेटेल. आणि दागिने-पैसे ठेवायची जागा नकाशात दाखवू नका, बायांनो!

प्रत्येक कागदावर तारीख, मोजणाऱ्यांची आणि माहिती देणारीची नावं लिहा, अर्थात तिची परवानगी घेऊन. फोन बदलला की फोटो जातात. निवडक छापून घ्या, मागे जागा लिहा. एक प्रत घरच्यांना द्या, दुसरी गटाच्या पेटीत ठेवा.