अकारविल्हे क्रम आणि संगणक : ‘ळ’ची जागा कोण ठरवते?

प्रास्ताविक

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’नंतर येतो. म्हणून या क्रमाने रचलेल्या कोशात ‘कमळ’ हा शब्द ‘कमल’च्या लगेच खाली न येता ‘कमवणे’च्या नंतर येतो. वर्णमाला आपल्याला पाठ असल्यामुळे याचे कारण विचारावेसेही वाटत नाही. संगणकाला मात्र हा क्रम सांगावा लागतो. तो कसा सांगितला जातो आणि न सांगितल्यास काय बिघडते, हे प्रस्तुत पाठात पाहू. अल्गोरिदम, आज्ञावलीची भाषा आणि मुक्त स्रोत या तीन संकल्पना त्या निमित्ताने स्पष्ट होतील.

१. वर्ण आणि संकेतांक

संगणक अक्षरे साठवत नाही. तो त्यांचे संकेतांक साठवतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा दिल्या आहेत. त्यात ‘ल’चा संकेतांक २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१ आहे. पायथनसारख्या भाषेत ‘ही यादी क्रमाने लाव’ एवढीच आज्ञा दिली, तर तुलना या अंकांची होते आणि यादी ‘कमल, कमळ, कमवणे’ अशी लागते. ‘क्ष’ला तर स्वतंत्र संकेतांकच नाही, तो क, हलन्तचिन्ह व ष यांच्या संयोगातून साकारतो. परिणामी ‘क्षमा’ हा शब्द यादीच्या शेवटी न जाता ‘क्रम’च्या पुढे आणि ‘खडू’च्या आधी येऊन बसतो.

हा युनिकोडचा दोष नव्हे. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा अनेक भाषांसाठी तक्ता एकच आहे. तो प्रत्येक भाषेची वर्णमाला पाळू शकणार नाही. संकेतांक ही वर्णाची ओळख आहे. त्याचा क्रम ही निराळी बाब आहे.

२. अल्गोरिदम : शोधाची रीत

एखादे काम मोजक्या, निःसंदिग्ध पायऱ्यांत पूर्ण करण्याची रीत म्हणजे अल्गोरिदम. कोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत जात नाही. मध्ये कोठेतरी कोश उघडतो, शब्द पुढे असेल की मागे हे ठरवतो आणि उरलेला भाग सोडून देतो. संगणकाचा द्विभाजन शोध असाच चालतो. प्रत्येक पायरीला यादी निम्मी होत असल्याने साठ हजार शब्दांच्या कोशातही जास्तीत जास्त सोळा तुलनांत निर्णय लागतो.

मात्र या रीतीचे एक गृहीतक आहे : यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने ती शोधली पाहिजे. समजा, संपादकाने ‘कमल, कमवणे, कमळ’ अशी मराठी क्रमाने यादी केली आणि शोधणारी आज्ञावली संकेतांकांवर चालते. ‘कमळ’ शोधताना ती प्रथम मधला शब्द ‘कमवणे’ पाहील. २३५५ हा अंक २३५७ पेक्षा लहान, म्हणून ती मागच्या भागात वळेल. तेथे केवळ ‘कमल’ आहे. उत्तर येईल : ‘शब्द सापडला नाही.’ शब्द यादीत आहे, अल्गोरिदमही बिनचूक आहे. तरीही वाचकाच्या दृष्टीने तो शब्द हरवला. ग्रंथालयाची सूची असो वा नावांची यादी, हा धोका सारखाच आहे.

३. नियमाची भाषा

नैसर्गिक भाषेत बरेच काही अध्याहृत राहते आणि श्रोता ते संदर्भाने भरून घेतो. आज्ञावलीच्या भाषेत मात्र न सांगितलेले गृहीत धरले जात नाही. म्हणून भाषावार क्रमाचे नियम मांडण्यासाठी एक सूत्रबद्ध संकेतन वापरतात. मराठी वर्णमालेचा शेवट त्यात असा मांडता येतो :

& ह < ळ < क्ष < ज्ञ

अर्थ असा : ‘ह’च्या जागेपासून आरंभ करावा; त्यानंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र वर्ण मानून स्थान द्यावे. हे सूत्र लिहिण्यापूर्वी एक भाषाशास्त्रीय निर्णय घ्यावा लागतो. ‘क्ष’ हा स्वतंत्र वर्ण मानायचा, की जोडाक्षर मानून ‘क’खाली ठेवायचा? दोन्ही भूमिकांना आधार आहे; परंतु एका यादीत दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

४. मुक्त स्रोत

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येते, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय. युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या खुल्या भांडारात मराठीसह अनेक भाषांचे क्रमनियम ठेवलेले आहेत. आयसीयू या मुक्त स्रोत संचामार्फत ते लिबरऑफिससारख्या प्रणालींपर्यंत पोहोचतात. नियम बंदिस्त असता, तर चुकीच्या क्रमाबद्दल आपण केवळ तक्रार करू शकलो असतो. तो उघडा असल्याने त्याची चिकित्सा करता येते व साधार दुरुस्तीही सुचवता येते.

समारोप

क्रम लावण्याचे श्रम संगणक करतो. क्रम कोणता असावा, हे भाषिक समाज ठरवतो. तो नेमकेपणाने मांडला नाही, तर तक्त्यातील अंकच आपल्या वतीने निर्णय घेतात. म्हणून वर्णविचाराचा अभ्यास करणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला या कामात आज्ञावलीकाराइतकेच स्थान आहे.

स्वाध्याय

१. ‘वेळ, वेल, वेश, क्षण, कौल, ज्ञान’ हे शब्द प्रथम मराठी वर्णमालेनुसार व नंतर संकेतांकांनुसार लावा. (‘ज्ञ’ची घडण ज, हलन्तचिन्ह व ञ अशी आहे.)
२. ‘क्ष’ स्वतंत्र वर्ण की जोडाक्षर? आपल्या संग्रहातील दोन कोश पाहून सकारण उत्तर लिहा.